बॅग उचलता उचलता

गल्लीत टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट खेळणाऱ्या एखाद्या हौशी फलंदाजाला ऐन भरातल्या अनिल कुंबळेसमोर उभे केले असते तर काय झाले असते? दोन चेंडूंत खेळ आटोपला असता. सोसायटीच्या आवारात रोज बॅडमिंटन खेळणाऱ्याला प्रकाश पदुकोणपुढे ठेवले असते, तर शटल उचलून आणण्यापलीकडे त्याला काम उरले नसते. विश्वनाथन आनंदसमोर बसून आपण शिकणार काय? आपण किती कच्चे आहोत, एवढेच. आणि ते तर आपल्याला आधीपासूनच ठाऊक असते.

गोल्फचे तसे नाही. या खेळात जेमतेम चेंडूला काठी लावू शकणारा माणूस राष्ट्रीय विजेत्याच्या सोबतीने अठरा होल्सची पूर्ण फेरी खेळू शकतो, आणि त्यात दोघांपैकी कुणाचाही खेळ बिघडत नाही. कारण साधे आहे. इथे प्रतिस्पर्धी तुमचा चेंडू परतवत नाही, अडवत नाही, झेलत नाही. ज्याचा त्याचा चेंडू, ज्याचे त्याचे नशीब. दोघांनी एकाच वाटेने चालायचे आणि सव्वाचार इंच व्यासाच्या त्या भोकात आपापला चेंडू घालायचा.

आपल्याकडे गोल्फ म्हटले की पुढचे ऐकून घ्यायची कुणाची फारशी तयारी नसते. श्रीमंतांचे, साहेबलोकांचे चोचले, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला गोल्फची मैदाने आहेत हे अनेकांना माहीत असते, पण आत काय चालते याची चौकशी करावीशी वाटत नाही. तो शेरा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण या खेळाच्या पोटात शिकण्याची एक विलक्षण रीत दडलेली आहे, आणि तिचा सर्वांत मोठा लाभ उठवला तो साहेबांनी नव्हे, साहेबांच्या बॅगा उचलणाऱ्या पोरांनी.

आधी कच्च्या आणि पक्क्या खेळाडूची जोडी जमते कशी ते पाहू. प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हावे याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. नियमित खेळणाऱ्याला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सूट मिळते, तिला हँडिकॅप म्हणतात. समजा, नवख्याचा हँडिकॅप २४ आहे आणि त्याच्या जोडीदाराचा ४. फरक वीस फटक्यांचा. म्हणजे नवख्याला अठराही होल्सवर एकेक फटका माफ, आणि मैदानातल्या सर्वांत अवघड दोन होल्सवर आणखी एकेक. २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत सुरू झाली. तिच्यात ही सूट ५४ पर्यंत जाऊ शकते. लहान भावाला कॅरममध्ये आधीच पाच गुण देऊन बसवतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे त्याचे काटेकोर गणित बसवले आहे.

आता खरी गंमत वेळेच्या हिशेबात आहे. एका फेरीला चार तास लागतात आणि सहा-सात किलोमीटर चाल होते. एक फटका मारायला दोन सेकंद पुरतात. नव्वद फटके मारले तरी प्रत्यक्ष मारण्याचा वेळ तीन मिनिटेच. उरलेला सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि बघण्यात जातो. म्हणून सोबत कोण आहे याला या खेळात इतके महत्त्व.

बघून काय शिकायचे? नवख्याचा समज असतो की चांगला खेळाडू म्हणजे अवघड फटके मारणारा. चार होल्स त्याच्या बरोबर चालले की हा समज गळून पडतो. चांगला खेळाडू अवघड फटका शक्यतो मारतच नाही. ग्रीनच्या डाव्या बाजूला तळे असेल आणि झेंडाही डावीकडेच असेल, तर नवखा थेट झेंड्यावर नेम धरतो आणि चेंडू पाण्यात घालतो. पक्का खेळाडू उजवीकडच्या ऐसपैस भागात चेंडू उतरवतो आणि शांतपणे दोन पटांत होल पुरे करतो. त्याचाही चेंडू कधी झाडीत जातोच. तेव्हा तो दोन खोडांच्या फटीतून चेंडू काढण्याचा पराक्रम करत नाही. सरळ आडवा मारून मोकळ्या हिरवळीवर येतो. एक फटका गेला तर गेला, तीन जाऊ देत नाही. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले असते, पण आपल्या शेजारचा माणूस पाच रुपयांची पैज असतानाही तसे वागतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

यात एक धोकाही आहे. जोडीदाराचा चेंडू अडीचशे यार्ड गेला की आपलाही जावा असे वाटते, आणि मनगटे आवळून माणूस दुप्पट जोराने काठी फिरवतो. तिथेच घात होतो. मोठ्या वयात दुसऱ्याच्या अंगाची लय उचलता येत नाही; त्याचा विचार मात्र उचलता येतो. लहान मुलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेचा थोर हौशी खेळाडू बॉबी जोन्स अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावर लहानाचा मोठा झाला. तिथला व्यावसायिक खेळाडू स्टुअर्ट मेडन हा स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीचा, अबोल माणूस. त्याने पोराला रीतसर शिकवणी दिली नाही. पोरगा त्याच्या मागे मागे फिरला, घरी जाऊन त्याची नक्कल करत राहिला, आणि मेडनचा फटका त्याच्या अंगात उतरला.

आणि एक मजेदार नियम. स्पर्धा चालू असताना तुम्ही प्रतिस्पर्ध्याला सल्ला विचारू शकत नाही. ‘आत्ता कोणती काठी वापरलीत?’ एवढे विचारलेत तरी दोन फटक्यांचा दंड. दोघांची थेट लढत असेल तर ते होलच गमवावे लागते. विचारता येते ते आपल्या कॅडीला किंवा आपल्याच बाजूच्या जोडीदाराला. पण बघण्यावर बंदी नाही. ग्रीनवर ज्याचा चेंडू लांब त्याने आधी मारायचे. त्याचा चेंडू उतारावर कसा वळतो ते पाहून मागचा आपला अंदाज बांधतो. म्हणजे विचारायचे नाही, बघायचे. आपल्या गाणाऱ्या घराण्यांत शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसायचा, मैफलीत प्रश्न विचारायची सोय नसायची. तिथे जे कानाने व्हायचे ते इथे डोळ्यांनी होते.

या तंबोरेवाल्याची गोल्फमधली जागा म्हणजे कॅडी. खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन चालणारा, मागितलेली काठी हातात देणारा, हरवलेला चेंडू शोधणारा. मैदानाजवळच्या वस्तीतली, बहुधा गरीब घरची ही पोरे. या मुलांविषयी लिहिताना एकलव्याची उपमा हमखास दिली जाते. मला ती फारशी पटत नाही. एकलव्यासमोर मातीचा पुतळा होता, आणि पुतळा कधी चुकत नाही. कॅडीसमोर जिवंत माणूस असतो. तो चुकतो, चिडतो, काठी आपटतो, पुन्हा सावरतो. आज बँकेचा मोठा अधिकारी, उद्या क्लबाचा विजेता, परवा पहिल्यांदाच मैदानावर आलेला व्यापारी. कुणाचे काय चुकते आणि कुणाचे का साधते, याची तुलना त्या पोराच्या डोक्यात रोज फुकट होत असते. फक्त एकच अडचण : बॅग त्याच्या खांद्यावर असते, काठी त्याच्या हातात नसते.

या अडचणीतून वाट काढणाऱ्यांत पहिले मोठे नाव फ्रान्सिस विमे याचे. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी ‘द कंट्री क्लब’चे मैदान आहे, त्याच्या सतराव्या होलसमोर, रस्त्यापलीकडे विमे कुटुंबाचे घर होते. बाप स्थलांतरित, कष्टकरी. मुलाचे हे गोल्फचे वेड त्याला मुळीच पसंत नव्हते. शाळेत जाता-येता मैदानात सापडलेले चेंडू पोरगा साठवायचा. भावाच्या मदतीने त्याने घरामागेच ओबडधोबड होल्स तयार केली. मोठा झाल्यावर तो समोरच्याच क्लबावर कॅडी झाला. त्या काळी अमेरिकेत असा नियम होता की सोळा वर्षांचा झाल्यावरही कॅडीचे काम केले तर हौशी खेळाडूचा दर्जा जायचा. म्हणून सोळाव्या वर्षी त्याने ते काम सोडले.

१९१३ मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धा नेमकी त्याच मैदानावर भरली. इंग्लंडहून हॅरी वॉर्डन आणि टेड रे आले होते. वॉर्डनने तोवर ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकली होती, रेने आदल्याच वर्षी. रेच्या अंगात रेड्याचे बळ होते, त्याचे फटके लोक तोंडात बोट घालून बघत. चार फेऱ्यांनंतर तिघांची बरोबरी झाली : वॉर्डन, रे आणि वीस वर्षांचा विमे. दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, तिघांनी पुन्हा अठरा होल्स खेळायची होती. विमेची बॅग उचलायला होता दहा वर्षांचा एडी लाउरी. बॅग त्याच्या उंचीला झेपेना. त्या दोघांचे छायाचित्र आजही गोल्फच्या पुस्तकांत हटकून छापतात.

पाऊस पडून गेलेला, पायाखाली चिखल, भोवती हजारोंची गर्दी. पहिल्या नऊ होल्सना तिघांचेही ३८ फटके. एव्हाना कुणाच्याही पोटात गोळा आला असता. रेच्या लांबीशी स्पर्धा करण्याचा मोह विमेला पडायला हवा होता. पण तो त्या फंदात पडला नाही. सोबत्यांच्या फटक्यांकडे न पाहता आपल्या चेंडूपुरते पाहत राहिला. दहाव्या होलवर तो एका फटक्याने पुढे गेला. सतराव्याला वॉर्डन अवघा एका फटक्याने मागे होता. त्याने वळणावर जवळचा रस्ता धरला आणि चेंडू बंकरमध्ये गेला. विमेने आपल्या घरासमोरचे ते होल तीन फटक्यांत संपवले. शेवटी हिशेब लागला : विमे ७२, वॉर्डन ७७, रे ७८. वॉर्डनही माळ्याचा मुलगा होता आणि लहानपणी त्यानेही बॅगा उचलल्या होत्या, हे इथे सांगून ठेवायला हवे.

बॅग उचलणाऱ्याला काठी कधी मिळायची हे मात्र क्लबाच्या मर्जीवर असे. टेक्ससच्या फोर्ट वर्थमधल्या ग्लेन गार्डन क्लबावर एकाच वयाचे दोन कॅडी होते, दोघांचाही जन्म १९१२ चा : बायरन नेल्सन आणि बेन होगन. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली, त्यात नेल्सनने होगनला एका फटक्याने हरवले. पुढे क्लबाने नेल्सनला कनिष्ठ सभासद करून घेतले, होगनला नाही. नेल्सनने १९४५ मध्ये सलग अकरा स्पर्धा जिंकल्या. होगनने जगातल्या चार प्रमुख स्पर्धांतली नऊ विजेतेपदे मिळवली, पण त्याला सराव दुसरीकडे करावा लागला.

आपल्याकडची परिस्थिती याहून कठीण. सार्वजनिक मैदाने नावापुरती, काठ्या महाग. अनेक क्लबांत आठवड्यातून एकदा, मैदान बंद असते त्या दिवशी, कॅडींना खेळू देतात. सभासदांनी टाकून दिलेल्या, जुन्या, एकाला दुसरी न जुळणाऱ्या काठ्या घेऊन पोरे उतरतात. दिल्ली गोल्फ क्लबावर अली शेर असाच कॅडी होता. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. त्याआधी १९६५ मध्ये बिलू सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली होती, पण भारतीय व्यावसायिकाला हे पहिल्यांदाच साधले. १९९३ मध्ये अली शेरने ती पुन्हा जिंकली. ज्यांच्या बॅगा उचलल्या त्यांच्याच मैदानावर असे घडले, तर बाकीच्या कॅडींच्या मनात काय उमटले असेल याची कल्पना करावी.

कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया. त्याला प्रशिक्षक नव्हता. मोठ्यांचे पाहून तो स्वतःच शिकला. अंगकाठी लहान, त्यामुळे फटका फार लांब जात नसे. ते वैगुण्य त्याने ग्रीनच्या आसपासच्या नाजूक खेळाने इतके भरून काढले की सोबतच्या खेळाडूंनी त्याचे ‘चिपपुटसिया’ असे बारसे केले. २००८ मध्ये त्याने दिल्लीत युरोपीय मालिकेतली इंडियन मास्टर्स जिंकली. २०१६ आणि २०१७ मध्ये इंडियन ओपन जिंकली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. दुसऱ्याचे पाहून शिकला, पण दुसऱ्यासारखा खेळला नाही, हे मला त्याच्या खेळात सर्वांत मोलाचे वाटते.

अमेरिकेत आता बहुतेक ठिकाणी विजेवरच्या गाड्यांनी कॅडींची जागा घेतली आहे. गाडीत बॅग राहते, पण गाडी काही शिकत नाही. आपल्याकडे कॅडी अजून आहेत. सभासदांची मुले प्रशिक्षकाकडून, व्हिडिओवर आपलेच फटके पुन्हा पुन्हा पाहून शिकतात. त्यांचे फटके देखणे असतात. तरीही क्लबातल्या जुन्या कॅडीला ग्रीनचा उतार विचारल्याशिवाय त्यांचेही पान हलत नाही.

आणि तुमच्या-आमच्यासारख्या कुणाला, कुणा ओळखीच्याच्या आग्रहाने, चांगल्या खेळाडूंबरोबर उतरण्याचा योग आलाच तर? वाईट खेळाची लाज बाळगू नये. चांगल्या खेळाडूला तुमच्या वाईट फटक्याचे काही वाटत नाही, संथपणाचे वाटते. फटक्याची वेळ येण्याआधीच काठी हातात तयार ठेवावी. ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू आणि भोक यांच्या मधल्या रेषेवर पाय देऊ नये. तो मारत असताना बोलू नये. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून नियमाने तीनच मिनिटे मिळतात, आधी पाच मिळत. एखाद्या होलवर फटके मोजण्यापलीकडे गेले तर चेंडू सरळ उचलून खिशात घालावा. त्यासाठीच डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी एक गुणपद्धती काढली. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबावर ती वापरली गेली. तिच्यात एक होल कितीही बिघडले तरी तिथे फक्त शून्य गुण मिळतो आणि पुढचे होल कोऱ्या पाटीवर सुरू होते. चेंडू खिशात गेला की हात मोकळे, डोळेही मोकळे. जोडीदार बंकरमध्ये उतरलेला असतो. तो पाय वाळूत कसे रोवतो, तेवढे बघून घ्यावे.