आधी भाकर, मग उपदेश

दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. नाना धर्मांचे भाविक मेणबत्ती लावून नवस बोलतात. आजारपण, नोकरी, मूलबाळ ही गाऱ्हाणी मोकळेपणाने मांडली जातात. ‘कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं झालंय’ हे मात्र ओठांवर येत नाही. आलंच, तर ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं ऐकावं लागतं. बायबल असं सांगत नाही.

एलीया हा मोठा संदेष्टा. जिवाच्या भीतीने तो रानात पळाला आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवदूताने त्याला बोल लावला नाही. उठवून भाजलेली भाकर नि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचा आधार होता. दुःखाची कारणमीमांसा करू लागले, तिथे ते चुकले.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनीही असं दुःख भोगलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ताटातुटीच्या त्या काळात त्यांना सांभाळलं हिंदू बहीण-मेहुण्यांनी. पुढे १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या; त्यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, अनाथ पोरांना पोटाशी धरलं. करुणा ही कुणा एका धर्माची मिरासदारी नाही, हे त्या जगल्या.

पण नुसती करुणा नेहमी पुरत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, रोजची कामं होईनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. प्रार्थना आणि गोळी एकत्र चालतात. खचलेल्या माणसाला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होऊ शकतं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच मदत मिळवावी. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर असावा. आणि रविवारच्या उपासनेत नेहमीचा चेहरा दिसेनासा झाला, तर गैरहजेरीचा जाब न विचारता जेवणाचा डबा घेऊन त्याच्या घरी जावं. तो बोलेल तेवढं ऐकावं, आणि निघताना पुन्हा येण्याचा दिवस सांगून यावा.