केकखालचा चौरंग

आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. बैलगाडीचे चाक गोल असते आणि झाडाचा ओंडकाही गोल असतो. मग आपल्या सुताराने ओंडक्याची आडवी चकती कापून तिचेच चाक का केले नाही? आरे, पुठ्ठे, तुंबा असे वेगवेगळे तुकडे घडवून ते जोडण्याचा एवढा खटाटोप त्याने कशासाठी केला?

हा प्रश्न आज आठवायचे कारण लग्नसराईचे आहे. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावीही आता वाढदिवसाला आणि स्वागतसमारंभाला केक कापतात. तो केक ठेवायला झाडाच्या सालीसकट कापलेली लाकडी चकती वापरायची, असा शहरात शौक आहे. ती दिसते छान, अगदी रानातून आत्ताच आणल्यासारखी. मग घरचा एखादा हौशी मुलगा म्हणतो, “आपल्या धुऱ्यावर बाभूळ पडलीच आहे, चार चकत्या कापून घेऊ.” चकत्या कापल्या जातात, उन्हात ठेवल्या जातात आणि लग्नाच्या दिवसापर्यंत काठापासून गाभ्यापर्यंत उभ्या तडकतात. दोष बाभळीचा नसतो, मुलाचाही नसतो. लाकडाचा स्वभावच तसा आहे.

हा स्वभाव नीट समजून घेऊ. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी बारीक नळ्यांच्या पोकळीत असते, काही त्या नळ्यांच्या भिंतींत मुरलेले असते. पोकळीतले पाणी गेले तरी लाकूड आकसत नाही, फक्त हलके होते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढेच पाणी उरले, म्हणजे भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि तेथून लाकूड आकसू लागते. पण ते सगळीकडून सारखे आकसत नाही, बरं का! लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडे आकसते आणि वर्तुळांच्या दिशेने, म्हणजे घेरात, साधारण त्याच्या दुप्पट आकसते.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. समजा, ३० सेंटिमीटर व्यासाची ओली चकती आहे. तिचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. वाळताना ती त्रिज्येत ४ टक्के आणि घेरात ८ टक्के आकसते असे धरू. त्रिज्या १५ ची १४.४ झाली, तेव्हा तिच्याभोवती पुरा फेर घ्यायला साडेनव्वद सेंटिमीटर लाकूड हवे. पण घेरात लाकूड उरले पावणेसत्त्याऐंशी सेंटिमीटर! पावणेचार सेंटिमीटरची ही तूट कुठून भरून निघणार? लाकूड ताणले जाते, ताण सोसेनासा झाला की फाटते. तीच ती तड.

चाकाचे कोडे येथे बरेचसे सुटते. चकती तडकते हे एक कारण. दुसरे असे की चकतीत लाकडाचे धागे आडवे कापले जातात, म्हणून भार पडला की ती बिस्किटासारखी मोडते. सुताराने प्रत्येक तुकडा धाग्याच्या लांबीत घेतला. तुंबा मात्र तो अखंड ओंडक्याचा करतो, पण त्यालाही फुटू नये म्हणून लोखंडी कडी चढवून आवळतो. आपण ज्याला वाढई म्हणतो त्या माणसाच्या हातात हे सारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते पुस्तकात लिहिलेले नाही, एवढेच.

तेव्हा लग्नातल्या केकसाठी चकतीचा हट्ट सोडून एक गोल चौरंग करू या. चौरंग आपल्या घरात पूजेला असतोच. लाकूड कोणते घ्यावे? शिवण हलकी आणि कमी आकसणारी, साग तर नावाजलेलाच, आंबा आणि बाभूळही चालतात. आरागिरणीत उरलेले तुकडे किंवा वादळात पडलेली फांदी पुरते. उभे झाड मात्र मनाने तोडू नये. साग, मोह, चिंच, आंबा अशा झाडांना महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. बिब्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि कण्हेर विषारी आहे, म्हणून ती झाडे खाण्याच्या वस्तूला वर्ज्य. डांबरी तेल पाजलेले जुने रेल्वे स्लीपरही नकोत.

लाकडाच्या इंचभर जाडीच्या फळ्या पाडून घ्याव्या. टोकांतून पाणी झपाट्याने जाते, म्हणून टोकांना मेण किंवा शेणमातीचा लेप द्यावा. मध्ये काड्या ठेवून फळ्या सावलीत, वाऱ्यावर रचाव्या. घाई करू नये. दर पंधरवड्याला एक फळी तोलावी. वजन उतरायचे थांबले की फळी वाळली. हे काम शाळेतल्या मुलांनी वहीत नोंदी ठेवून करावे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. त्याचा हा अगदी सोपा पाठ आहे.

वाळलेल्या तीन फळ्या रंधून, कडेला कड सरसाने जोडाव्या आणि दोऱ्याने ३० सेंटिमीटरचे वर्तुळ आखून कापाव्या. खाली धाग्याला आडव्या अशा दोन जाड पट्ट्या लावाव्या. येथे एक मेख आहे. पावसाळ्यात हा गोल रुंदीत फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. पट्टीने त्याला जखडले तर तो फुटेल. म्हणून मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोके ठेवावी. लाकडाला हलायला जागा दिली की ते भांडत नाही.

पाय किती? तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही हे खरे. पण तिच्या काठावर सुरी दाबली तर ती कलंडू शकते. म्हणून केकला चार पाय बरे. सालपट काढलेल्या, खडखडीत वाळलेल्या फांदीचे, अंगठ्यापेक्षा जाड असे चार तुकडे घ्यावे. रानातले रूप हवे ना? मग फांदीचा बाक आणि वाकसाचे घाव तसेच राहू द्यावे. साल मात्र काढावीच, कारण तिच्याखाली किडे घर करतात. प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांना गिरमिटाने भोके पाडून त्यांत पायांची कुसे बसवावी, वरून पाचर मारावी. पाचर पट्टीच्या धाग्याला आडवी मारावी. धाग्याच्या दिशेने मारली तर पट्टीच चिरेल. हे काम पट्ट्या गोलाला लावण्याआधी उरकावे.

शेवटी तेल. आपल्या विदर्भातले जवसाचे कच्चे तेल उत्तम. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे वाळत नाही, ते खवट होते. पातळ हात देऊन पुसून घ्यावा, दुसरा हात काही दिवसांनी द्यावा, पूर्ण वाळल्यावर मधमाश्यांचे मेण चोळावे. आणि हे मात्र विसरू नका: जवसतेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या. मांडवात केक ठेवताना मध्ये केळीचे पान किंवा कागद घालावा. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, पाण्यात भिजत घालू नये.

आता तुम्ही म्हणाल, एका केकसाठी एवढा उपद्व्याप? पण विचार करा. ट्रॅक्टर आला, रबरी चाके आली आणि नांगर-गाडीचे सुताराचे काम ओसरले. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी तेवढे मागितले जातात. लग्नाची नवी हौस आली, पण तिचे पैसे शहरातल्या दुकानात जातात. एक चौरंग कित्येक लग्ने निभावतो. गावातल्या बचत गटाने तीन-चार करून घेतले आणि भाड्याने दिले, तर सुताराला काम मिळते आणि गटाला चार पैसे मिळतात. वस्तू नवी आहे, विद्या जुनीच आहे. ज्याला चाक कळते त्याला केकचा चौरंग काही जड नाही. त्याच्या दारी जाऊन विचारायचे काम तेवढे आपले.