गोधडीचा अखेरचा टाका

घटस्थापनेपूर्वीच्या पंधरवड्यात देशावरच्या एखाद्या नदीकाठच्या गावी सकाळच्या प्रहरी गेले असता जे दृश्य पूर्वी हमखास दिसे, आणि जिथे पाणी व काठ दोन्ही शिल्लक आहेत तिथे आजही दिसते, ते असे की, वर्षभर अंथरून-पांघरून मळलेल्या घरोघरच्या गोधड्या, वाकळा आणि दुपटी बाहेर निघालेली असतात, दोघी-दोघी बायका एकेक ओली गोधडी दोन टोकांना धरून पीळ घालीत असतात, आणि धुतलेल्या गोधड्या खडकांवर व वाळूवर उन्हात पसरलेल्या असतात. नवरात्रापूर्वीची ही स्वच्छता धर्माचाराचा भाग आहे हे खरे. परंतु तिच्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. एरवी माजघरातल्या वळकटीत दडून राहिलेले एका बाईचे हस्तकौशल्य त्या दिवशी साऱ्या गावच्या बायकांच्या नजरेखाली येते. कोणाचा दोरा ओळीने गेला आहे, कोणी कोपरा मोडताना घाई केली आहे, कोणी जुन्या इरकली लुगड्याचा काठ वाया न घालवता गोट म्हणून चारी बाजूंनी फिरवला आहे, याची तपासणी कोणी मुक्रर न करताही यथासांग पार पडते, आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणाची गोधडी कोणाच्या हाताने शिवून घ्यायची याचा निर्णयही पुष्कळदा तिथेच होऊन जातो.

गोधडीविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले-बोलले जाते ते बहुधा तिच्या आरंभाविषयी असते: आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, मुलीचे परकर-पोलके, यांचे तुकडे एकत्र कसे आले आणि त्यांत घराचा इतिहास कसा साठला, याविषयी. ते सारे खरे आहे. परंतु ज्या बाईने स्वतः गोधडी शिवली आहे तिला विचारले तर ती सांगेल की, तुकडे जमवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग होय. गोधडी पुरी करणे हेच खरे अवघड, आणि ती पुरी व्हावी म्हणून चार बायकांनी एकत्र बसण्याची जी वहिवाट आपल्या गावांत होती, तिच्यावाचून कितीतरी गोधड्या ट्रंकेच्या तळाशी अर्धवट पडून राहिल्या असत्या.

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी गोधडीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. सुगी आटोपली, शेतातली कामे उरकली, की चैत्र-वैशाखाच्या कोरड्या दिवसांत हे काम निघते. धुऊन-धुऊन मऊ झालेले सुती लुगडे अस्तर म्हणून स्वच्छ जमिनीवर ताणून पसरतात आणि ते सरकू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दगड असे जे हाताशी असेल ते वजन ठेवतात. त्यावर जुन्या वस्त्रांचे थर येतात. कापूस घालून केलेली ती दुलई, गोधडीत बहुतकरून कापडावर कापडच असते. सर्वांत वर चांगल्यापैकी लुगडे किंवा ठिगळांची रचना बसते, आणि मग मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी हे सगळे टाचून घेऊन धावदोरा भरायला प्रारंभ होतो. येथपर्यंत मन रमते, कारण लाल खण निळ्या चौकटीजवळ शोभतो की पिवळ्या, याचा विचार करीत हात चालत असतो. त्यानंतर मात्र बोटाबोटाच्या अंतरावर एकसारखी ओळ, ओळीशेजारी ओळ, असे सहस्रावधी टाके तेवढे उरतात. सुई चार-पाच थरांतून जाताना बोट दुखते, म्हणून अंगुस्तान घालावे लागते; पाठ भरून येते; आणि आठवडाभर बसूनही काम किती पुढे सरकले ते एका नजरेत दिसत नाही. मांडणीत जी कल्पकता लागते ती पुष्कळांजवळ असते, पण ही चिकाटी एकटीने टिकवणे फार थोड्यांना साधते.

आणि तरीही हे टाके म्हणजे नुसती नक्षी नव्हे. जे जीर्ण वस्त्र एकेकटे असताना बोटाच्या ओढीनेही फाटले असते, तेच चार थरांत सापडून जागोजाग दोऱ्याने जखडले गेले म्हणजे ताण साऱ्या थरांत वाटला जातो, आणि मग ते वर्षानुवर्षे पिळले-आपटले तरी तग धरते. पाश्चात्य पद्धतीच्या क्विल्टमध्ये मधल्या थरात कापूस असल्यामुळे टाक्यांची गरज आणखी निराळ्या कारणाने असते: ते विरळ पडले तर धुण्यात कापूस सरकतो, एका ठिकाणी गोळा होतो आणि दुसरीकडे नुसती दोन कापडे उरतात. अर्धवट सोडलेली गोधडी ही म्हणून थोडी कमी चांगली गोधडी नसते. ती पहिल्या धुण्यात विस्कटणारी वस्तू असते.

शेवटाची दुसरी परीक्षा कडेला होते. कोणतेही पांघरूण प्रथम विरते ते कडेला, कारण ओढायचे, उचलायचे, घडी घालायची ती कड धरूनच. त्यामुळे कडेला लावायची पट्टी दुहेरी दुमडून घ्यावी, आधी दर्शनी बाजूने पक्की शिवावी, मग पाठीमागे वळवून हाताने बारीक टाके घालावेत, आणि कोपऱ्यावर कापड न कापता त्याची तिरपी घडी बसवावी, असा अनुभवी हातांचा शिरस्ता आहे. कड सरळ असेल तर पट्टी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापली तरी चालते, पण गोलाई असेल तर ती तिरपीच कापली पाहिजे, नाहीतर वळणावर चुण्या पडतात. हे काम कोणाच्या कौतुकाचा विषय होत नाही. पण जाणती बाई गोधडी हाती आली की प्रथम ती उलटी करते आणि कोपरा पाहते, आणि तिचा अभिप्राय तिथेच ठरतो.

कडेचा प्रश्न निराळ्याच तऱ्हेने सोडवणारी एक परंपरा आपल्या अगदी शेजारी नांदते आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतल्या रानांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी जे निसटून घाटावरच्या जंगलात शिरले, त्यांचे हे पुष्कळसे वंशज. त्यांची बोली कोकणीच्या कुळातली आणि त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. शेतात राबण्याचे वय सरलेल्या आज्या ही कवंदे मुला-नातवंडांसाठी शिवतात, आणि ती शिवण्याची रीत आपल्या ओळखीच्या रीतीहून उलटी आहे.

पाश्चात्य क्विल्ट करणारी बाई बहुधा मध्यापासून आरंभ करते आणि कापडाचा सैलपणा बाहेर ढकलीत कडेकडे जाते. जे जास्तीचे उरेल ते शेवटी कापून टाकून वर पट्टी चढवते. सिद्दी बाई कोपऱ्यापासून आरंभ करते. अस्तराच्या लुगड्याची कड ती आत मुडपून घेते, ठिगळाचीही कड आत घेते, आणि दोन्ही कडा एकमेकींवर बसवून शिवत शिवत चारी बाजूंनी फिरते. एक फेरा पुरा झाला की दुसरा त्याच्या आत, मग तिसरा, अशी ती ठिगळामागून ठिगळ बसवीत मध्याकडे सरकत जाते. ठिगळ जोडणे आणि थर शिवणे ही दोन कामे तिच्या हाती एकाच दोऱ्यात होतात, आणि कड, जी इतरांना शेवटी छळते, ती तिची पहिल्याच फेऱ्यात निर्दोष होऊन गेलेली असते. धोका राहतो तो सैलपणा मध्ये साचण्याचा. म्हणून तिचा डावा हात प्रत्येक टाक्यापुढे कापड थापटीत, सारखे करीत असतो. अखेर मधोमध तळहाताएवढी जागा उरते. ती शेवटच्या ठिगळाने बंद करण्यापूर्वी काही बायका तिथे तांदळाचे चार दाणे ठेवतात. कवंदाचे पोट रिकामे राहू नये, ते पांघरणाराच्या घरी अन्नाची वाण पडू नये, हा त्यातला भाव. त्याखेरीज चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या एकीत एक बसवून केलेली फुले लावलेली असतात. या फुलांवाचून कवंद उघडे समजले जाते. उपयोगाच्या दृष्टीने त्या फुलांचे काही काम नाही, ऊब त्यांनी तिळभरही वाढत नाही, आणि तरी ती असल्याशिवाय काम पुरे झाले असे ज्या समाजात कोणी मानीत नाही, त्या समाजाला पूर्णता या गोष्टीची जाण किती सूक्ष्म आहे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. 2004 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कलेतिहासाचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने या बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदे दूरदेशी पोहोचू लागली. पण फुले लावण्याचा दंडक त्याआधीपासूनचा आणि घरातल्या घरात पाळला जाणारा आहे.

एकटीने मांडायचे आणि अनेकींनी पुरे करायचे, ही कामाची वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते ती अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीत. नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेल्या या जागी एका कापसाच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज राहतात. शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, जाड निळ्या डेनिमच्या विजारींतून, तेथील बायका क्विल्ट करीत आल्या. वरची रचना प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या मनाप्रमाणे, कोणाचा सल्ला न घेता करायची. पण थर एकत्र शिवण्याची वेळ आली की शेजारणी जमायच्या, चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या चारी अंगांनी बसायच्या आणि भजने म्हणत टाके घालायच्या. त्यामुळे रचनेत एकीचे स्वातंत्र्य अबाधित राही आणि श्रम मात्र सगळ्यांच्या पाठीवर वाटले जात. वसंतात क्विल्ट हवेशीर व्हावे म्हणून दोऱ्यांवर टाकले जात, तेव्हा येता-जाता ते एकमेकींच्या दृष्टीस पडत आणि कोणाची कोणती युक्ती कोणी उचलली हे पुढच्या वर्षी दिसून येई. आपल्या नदीकाठच्या धुण्याशी याचे जे साम्य आहे ते योगायोगाचे नाही. पांघरूण घराबाहेर येण्याचा प्रसंग दोन्हीकडे तेवढाच असे.

या बायकांनी नागरी हक्कांच्या लढ्यात भाग घेतला, मतदानासाठी नाव नोंदवण्याचा आग्रह धरल्याबद्दल त्या भागातील कित्येकांना घरे आणि कसायची जमीन गमवावी लागली, आणि त्याच धामधुमीत 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या क्विल्टांचे प्रदर्शन भरले, ते पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही गेले, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांतील दहा क्विल्टांची तिकिटे काढली. ज्यांनी ती चित्रे पाहिली असतील त्यांना आठवेल की, त्यांतल्या ओळी काटेकोर सरळ नाहीत, चौकोन पुरते चौकोन नाहीत. पण एकही क्विल्ट अर्धवट सोडलेला नाही.

आपल्याकडची ही सामाजिक व्यवस्था आता क्षीण झाली आहे, आणि तिची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गिरणीतली ब्लँकेटे स्वस्त झाली. सुती लुगड्यांच्या जागी कृत्रिम धाग्याची पातळे आली, जी घाम शोषीत नाहीत, थरात सरकतात आणि सुईला दाद देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, शेतीतल्या सावडीप्रमाणेच आज माझ्या दारी, उद्या तुझ्या दारी, अशी शिवायला बसण्याची दुपारची मोकळीक राहिली नाही. बचतगटांच्या बायका मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देतात, शहरांत त्यांना चांगले गिऱ्हाईकही मिळते, आणि हे स्वागतार्ह आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांच्यासारख्या स्वतः क्विल्ट करणाऱ्या अभ्यासिकेने महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ही कला दूरच्या वाचकांपर्यंत गेली. तथापि ज्या घरांत आई किंवा सासू अर्धी शिवलेली गोधडी मागे ठेवून गेली आहे, आणि अशी घरे थोडी नाहीत, त्यांच्यासाठी विक्री किंवा ग्रंथ यांहून साधी तजवीज हवी: महिन्यातली एक दुपार ठरवावी, गल्लीतल्या चौघीजणींनी आपापले अर्धवट काम घेऊन एकीच्या घरी जमावे, आणि ज्या गोधडीची मुदत जवळ आली आहे, म्हणजे जिच्या घरी बाळंतपण किंवा लग्न आहे, तिचे काम सगळ्यांनी आधी हाती घ्यावे. दुसऱ्याचा टाका आपल्या टाक्यासारखा येत नाही म्हणून कचरण्याचे कारण नाही. जुन्या गोधडीवर बारकाईने नजर फिरवली तर दोन-तीन हात ओळखू येतात. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा. आणि त्याने गोधडीला उणेपणा आलेला मी तरी कोठे पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या परंपरेने केली नाही, आणि ती यापुढे अगत्याने करावी असे मला मनापासून वाटते. जीज बेंडच्या टपाल तिकिटांवरील प्रत्येक क्विल्टची कर्ती कोण, हे नावानिशी सांगता येते. आपल्या गोधडीवर कोणाचेच नाव नसते. दोन पिढ्या गेल्या की ती कोणाच्या हातची हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. अखेरचा टाका घालून झाल्यावर पाठीमागच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडाचा हातभर नव्हे, चार बोटे रुंदीचा तुकडा लावावा, आणि त्यावर न उडणाऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवणारणीचे नाव, गाव, साल, जिच्यासाठी शिवली तिचे नाव, आणि शिवायला बसलेल्या इतर बायकांचीही नावे भरावीत. जागा उरली तर वरचे लुगडे कोणाचे होते, तेही.