बग कुठे कळवावा?

बडोद्यात एकाच संगणकावर देवनागरी, गुजराती आणि रोमन लिपींत काम करणाऱ्यांना लिपी दाखवण्यातले दोष (बग) चटकन दिसतात. ते योग्य ठिकाणी कळवले तरच दुरुस्त होतात. ती ठिकाणे अशी :

● लिब्रेऑफिस : ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’च्या बगझिला या बग-नोंदणी संकेतस्थळावर. भाषांतरातला मराठी शब्द खटकला, तर वेबलेट या भाषांतर-मंचावर.

● फायरफॉक्स : मोझिलाच्या बगझिलावर. भाषांतर सुचवण्यासाठी पाँटून हा मंच.

● उबुंटू : लाँचपॅडवर. डेबियन : ‘रिपोर्टबग’ या साधनातून.

● मोडी फाँट : बडोदे संस्थानची जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. मोडी लिपी २०१४मध्ये युनिकोडमध्ये आली. ‘नोटो सान्स मोडी’ या फाँटमधील चूक गिटहबवर नोटो फाँट प्रकल्पाच्या ‘इश्यूज’ विभागात नोंदवा.

नोंदवण्यापूर्वी : तोच बग आधी कोणी कळवला आहे का, ते शोधा. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, अपेक्षित आणि प्रत्यक्ष परिणाम लिहा, स्क्रीनशॉट जोडा. एका नोंदीत एकच बग.

सावधान : सुरक्षेतील त्रुटी जाहीरपणे मांडू नका, प्रकल्पाने दिलेल्या खासगी मार्गानेच कळवा.

कोड लिहिता येत नसला तरी हरकत नाही. नेमकी, नेटकी नोंद हेही मोलाचे योगदान आहे. ते जरूर द्या.