हिरव्या कापडावर – भाग ७ : टोकावरचे कातडे

मागच्या आठवड्यात आपण क्यूच्या लाकडापाशी थांबलो होतो. पूलच्या क्यूला मेपल, स्नूकरच्या क्यूला बहुतेक वेळा ॲश, त्या लाकडाच्या रेषा, त्याला येणारा बाक, हे सगळे पाहून झाले. पण त्या जवळजवळ दीड मीटर लाकडातला एक कणही पांढऱ्या बॉलला कधी शिवत नाही. शिवते ती टोकावर चिकटवलेली कातड्याची चकती, म्हणजे टिप. पूलच्या क्यूवर ती साधारण १३ मिलिमीटर रुंद असते, स्नूकरच्या क्यूवर साडेनऊ ते दहा. तिचा आणि बॉलचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे एक हजाराव्या भागाइतकाच टिकतो. स्क्रू, फॉलो, साइड, जे काही बॉलला सांगायचे ते तेवढ्या वेळात सांगून व्हावे लागते. तरीही महागडा क्यू कौतुकाने मिरवणारे कितीतरी खेळाडू त्याच्या टोकाकडे महिनोन्‌महिने पाहत नाहीत. मला याची मनापासून हळहळ वाटते. क्यू बदलून खेळ सुधारलेला मी क्वचितच पाहिला आहे. टिप नीट केल्याने सुधारलेला मात्र अनेकदा.

हे कातडे क्यूवर आले एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी क्यूचे टोक नुसते लाकडाचे असे. बॉलच्या मधोमध मारले तर ठीक, जरा बाजूला मारले की लाकूड घसरणारच. टोकाला कातडे लावण्याचे श्रेय सहसा फ्रान्सचा कॅप्टन फ्रांस्वा मँगो याला दिले जाते. तो पॅरिसच्या तुरुंगात होता आणि तिथल्या टेबलावर खेळता खेळता त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. त्याच्याभोवती आख्यायिका पुष्कळ आहेत, पण १८२७ साली त्याने पॅरिसात बिलियर्ड्सच्या अचाट फटक्यांवर पुस्तक छापले, ही गोष्ट नोंदलेली आहे. बॉल पुढच्या बॉलला आपटून मागे येतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना जादूसारखे वाटले असेल तर नवल नाही. १८७५ मध्ये जबलपूरच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्नूकर जन्मला (पहिल्या भागात आपण तिथे जाऊन आलो), तेव्हा कातड्याची टिप चांगली रुळलेली होती.

आता आकाराकडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. टिप सपाट नसते, घुमटासारखी गोलसर असते. किती गोल? अमेरिकेतले पूल खेळाडू त्यांच्या नाण्यांवरून मोजतात : निकेलची गोलाई किंवा डाइमची गोलाई. निकेलचा व्यास २१ मिलिमीटरहून किंचित जास्त, डाइमचा १८ हून किंचित कमी. आपल्या खिशातले २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे साधारण २२ मिलिमीटरचे आहे, म्हणजे निकेलच्या जवळपास. क्यू उजेडाकडे धरा आणि नाण्याची कड टिपच्या बाजूला लावून पाहा. दोन्ही वळणे जुळली की पूलची टिप ठीक आहे.

ही केवळ रीत नाही, त्यामागे साधे गणित आहे. पूलच्या बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेअठ्ठावीस. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरहून, दूर मारले की चांगले चॉक लावलेली टिपसुद्धा घसरते आणि मिसक्यू होतो. या टोकाच्या मर्यादेवर बॉल टिपच्या कोणत्या भागाला लागतो? टिपच्या गोलाईच्या त्रिज्येच्या निम्म्यावर. रुपयाची त्रिज्या ११, तेव्हा टिपच्या मध्यापासून साडेपाच मिलिमीटरवर. १३ मिलिमीटरच्या टिपची कड साडेसहावर असते, म्हणजे बॉल अजून कातड्याच्या गोल भागातच लागतो. आता टिप चपटी होऊन तिची त्रिज्या १४ झाली असे समजा. तोच फटका सात मिलिमीटरवर, म्हणजे कडेच्या बाहेर पडेल. बॉलला वळण कातड्याने द्यायचे, तर इथे कडेची धार लागते. खेळाडू म्हणतो, आज हात लागत नाही. हात तोच असतो, टिप चपटी झालेली असते. स्नूकरची टिप अरुंद असल्यामुळे तिला जास्त गोलाई लागते, डाइमसारखी.

टिपला रोज दोन गोष्टी होत असतात. फटक्यांनी कातडे दाबले जाऊन कडक आणि तुळतुळीत होते, आणि चॉक त्यावर ठरत नाही. दुसरे म्हणजे ती बाजूंनी फुगते, छत्रीसारखी फेरूलच्या बाहेर येते. (फेरूल म्हणजे टिपखालची कडी, स्नूकरला पितळेची, पूलला बहुधा पांढऱ्या प्लास्टिकची.) फुगलेली कड वेळीच कापली नाही तर ती नुसतीच लोंबते, फटक्याला आधार देत नाही.

तुळतुळीतपणावर बहुतेकांचा उपाय म्हणजे खरखरीत कानस घेऊन टिप घासणे. माझे स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या टिपा दुर्लक्षापेक्षा या घासण्यानेच जास्त मरतात. दर वेळी घासताना कातडे जाते, आणि ते परत येत नाही. त्यापेक्षा टोकदार काट्यांचे छोटे हत्यार मिळते, ते टिपवर हलके दाबायचे. कातड्यात बारीक छिद्रे पडतात, चॉक धरून राहतो आणि उंची कमी होत नाही. आठवड्यातून एकदा पुरे. कानस फक्त आकार बिघडल्यावर वापरावी, तीही कडेकडून मध्याकडे, हलक्या हाताने.

टिप निवडण्याबद्दल थोडक्यात. एका अखंड कातड्याची टिप आणि पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली टिप, असे दोन मुख्य प्रकार आहेत. अखंडमध्ये एल्क मास्टरची निळसर मऊ टिप जगभर चालते. थरांच्या टिपा जपानच्या मूरी आणि कामुई या नावांनी प्रसिद्ध आहेत. थरांची टिप कमी फुगते आणि तिचा स्वभाव शेवटपर्यंत सारखा राहतो, पण ती बरीच महाग असते. अमेरिकेतले काही कारागीर एल्क मास्टर दुधात भिजवून, पकडीत दाबून, वाळवून घेतात, म्हणजे मऊ कातडे घट्ट होते. नवशिक्याने मध्यम कठीणपणाची अखंड टिप घ्यावी आणि ती बदलायला शिकावे. निम्मे ज्ञान त्या बदलण्यात आहे.

आपल्याकडच्या जुन्या क्लबांत हे काम मार्करचे असे. गुण मांडणारा, बॉल लावून देणारा हा माणूस टिपाही बसवी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला बहुधा दोन-तीन गुण मिळतात, म्हणजे शंभराच्या ब्रेकला टिपचे चाळीसेक अचूक स्पर्श लागतात. एकही घसरून चालत नाही. ज्यांनी त्या काळी टिपा बसवल्या, त्या मार्करांची नावे आज कुणी घेत नाही. आजच्या पूल पार्लरमध्ये तर मार्करच नसतो, म्हणून हे काम आपल्याला यायला हवे.

बाजूने पाहताना कातडे दीड-दोन मिलिमीटरच उरले असेल तर टिप बदलायची. त्याखाली गेल्यावर फटक्याचा मार फेरूलवर बसतो आणि ती तडकते.

जुनी टिप ओढून किंवा पिरगाळून काढू नका. नव्या ब्लेडने आडवी कापा, थोडे कातडे राहू द्या आणि उरलेले काचपेपरने उतरवा. आता येते ते सगळ्यांत महत्त्वाचे आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे काम : फेरूलचा माथा सपाट करणे. ब्लेडची सरळ धार त्यावर उभी ठेवून दिव्याकडे धरा. खालून उजेड दिसला तर अजून सपाट नाही. माझी पहिली टिप मी हे न पाहताच चिकटवली होती. खळगा गोंदाने भरून निघेल असे वाटले. तिसऱ्याच दिवशी, फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर, ती उडून टेबलाखाली गेली. गोंद खळगा भरतो, पण कातडे धरून ठेवत नाही. धरून ठेवतो तो दोन सपाट पृष्ठांमधला पातळ थर.

नव्या टिपचा तळही टेबलावर पसरलेल्या काचपेपरवर गोल गोल फिरवून खरखरीत करा. त्यानंतर दोन्ही पृष्ठांना बोट लावू नका, बोटाचे तेल गोंदाला चालत नाही. फेरूलभोवती आणि खालच्या लाकडावर कागदी चिकटपट्टी गुंडाळा. गोंद सुपरग्लूच्या जातीचा, पण पातळ नको, जेलसारखा घ्या, म्हणजे टिप मध्यावर सरकवायला चार-पाच सेकंद मिळतात. एकच थेंब. टिप ठेवा, चारी बाजूंनी पाहा, दाबा, आणि रात्रभर क्यूला हात लावू नका. गोंद लगेच धरतो हे खरे, पण माझ्या अनुभवात रात्रभर ठेवलेली टिप सुटत नाही.

सकाळी क्यू उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवा. ब्लेडचा सपाट भाग फेरूलला लावून खाली, फळीकडे, कापत जा. चप्पल शिवणारा कारागीर रापीने कड कशी उतरवतो ते पाहिले असेल तर हात आपोआप बसेल : एका दमात जाड तुकडा नाही, पातळ सालपट. मग कड बारीक पॉलिश पेपरने फेरूलच्या बरोबरीला आणा, बोटाने किंचित ओली करा आणि कातड्याच्या तुकड्याने जोरात घासा, ती काळसर आणि कठीण होईपर्यंत. या घासण्याने फुगणे लांबते. शेवटी माथ्याला रुपयाची गोलाई द्या.

नवी टिप पहिले काही तास खेळताना दाबली जाते आणि थोडी फुगते. तेव्हा कड पुन्हा एकदा कापावी लागते, त्यात तुमचे काही चुकलेले नसते. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी टिप कधीही बदलू नका.

पुढच्या भागात चॉक पाहू, ज्यात आज खडू नावालाही नसतो. तोवर एक विनंती : आज घरी गेल्यावर क्यू पिशवीतून काढा, टोक उजेडात धरा आणि एक रुपयाचे नाणे लावून पाहा.