ट्रेकर्सनी जमवलेले नमुने न्यायालयात पोहोचतात तेव्हा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक राष्ट्रीय वनात २०१८ साली बिगलीफ मेपल या झाडांची चोरटी तोड झाली. या लाकडापासून गिटार बनतात, त्यामुळे त्याला चांगली किंमत येते. लाकूड खासगी जमिनीवरचे आहे, असे सांगून ते गिरणीला विकले गेले. मात्र २०२१ च्या खटल्यात त्या लाकडाचा डीएनए जंगलात उरलेल्या बुंध्यांशी जुळला आणि आरोपी दोषी ठरला. तिथल्या संघीय फौजदारी खटल्यात झाडाचा डीएनए पुरावा म्हणून येण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण हे जुळणे निव्वळ योगायोग नाही, हे कसे सिद्ध करायचे? त्यासाठी त्या जातीच्या इतर असंख्य झाडांचा डीएनए माहीत असावा लागतो. हे नमुने गोळा करण्यात मोठा वाटा होता साध्या भटक्यांचा. ‘अॅडव्हेंचर सायंटिस्ट्स’ ही संस्था २०११ मध्ये ग्रेग ट्रेनिश यांनी सुरू केली. डोंगर चढणारे, पायी भटकणारे, सायकलवर फिरणारे लोक नाहीतरी रानात जातातच. मग येताना त्यांनी शास्त्रज्ञांना हवी असलेली माहिती का आणू नये, हा त्यामागचा साधा विचार.

यात शिस्त महत्त्वाची असते. प्रश्न शास्त्रज्ञ ठरवतात. स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळते. नमुना कसा घ्यायचा, तारीख आणि नेमके ठिकाण कसे नोंदवायचे, हे सगळ्यांसाठी एकच असते. शोधूनही काही सापडले नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहायचे. ‘नाही’ हीसुद्धा माहितीच असते.

आपल्याकडेही हे घडते आहे. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजातींचा आढावा घेऊन त्यातील १७८ प्रजातींना संवर्धनाची तातडीची गरज असल्याचे त्यातून पुढे आले. ‘ईबर्ड’वर नोंद करायला पदवी लागत नाही.

पण एक अडचण आहे. जिथे पाहणारे आहेत, तिथल्याच नोंदी होतात. बाकीचा नकाशा कोरा राहतो. सरकारी दप्तरात गवताळ माळराने अनेकदा ‘पडीक जमीन’ म्हणून लावली जातात. आपल्या वस्तीजवळच्या माळावर, गायरानात, तळ्यावर कोण राहते, याची नोंदच नसेल, तर उद्या ते नष्ट झाल्यावर काय गमावले हे आपण कशाच्या आधारे सांगणार? निवेदन देताना, हरकत नोंदवताना कागद लागतो. तो आधी तयार असायला हवा.

आपले तरुण लेणी पाहायला डोंगर चढतात, फोटो काढतात. आमचे सांगणे एवढेच: पुढच्या वेळी पंधरा मिनिटे एका जागी थांबा. दिसलेले सगळे पक्षी, त्यांची संख्या, वेळ आणि ठिकाण लिहा. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव टाकू नका. घरट्याजवळ जाऊ नका, लेण्यांतील वटवाघळांवर फ्लॅश मारू नका. आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. एका दिवसाची नोंद आठवण ठरते. वर्षानुवर्षांची नोंद पुरावा होते.