शिप्रेकाठचा समुद्र

उज्जैनपासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही दोनशे लिटरांपुरता तो आमच्या दिवाणखान्यात नांदतो. प्रवाळ मात्र कृत्रिमच! भित्ती रचणारे खरे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आले.

गतवर्षी ज्येष्ठात पारा ४२ अंशांवर चढला आणि पेटीवरचा पंखा हरला. पंख्याने पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. लिटरमागे ३५ ग्रॅमांचे प्रमाण बिघडते. शिवाय तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दोन विदूषक मासे आम्ही गमावले.

यंदा शीतकयंत्र बसविले. पाणी २६ अंशांवर स्थिरावले. परंतु वीज गेली की तेही मुके! म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडला. घटलेल्या पाण्याची भरपाई क्षारविरहित गोड्या पाण्याने करावी, खाऱ्याने नव्हे, हे आमच्या सौभाग्यवतींना आमच्याआधीच उमजले होते.